फक्कीचं घर

घरत मिस्त्रींनी आकडा सांगितला
आणि सुपारी कातरायला घेतली.
पाचशे चाळीस फूट, फुटाला एकोणीसशे.
बोअरिंग, मीटर, संडासाची टाकी?
"ते यात धरू नका, वहिनी."

विजेच्या बिलाच्या पाठीवर
ह्यांनी हातचे धरत गुणाकार केला,
मग पुन्हा केला,
जसे काही आकडे दुसऱ्यांदा लाजणार होते.

आमच्याकडे सहा चाळीस.
त्यात माझ्या पाटल्या धरलेल्या.

मी म्हटलं, आधी बघू तर खरं.
रविवारी वाशिंदच्या दीड गुंठ्यावर
ऐंशी रुपयांची फक्की ओतली:
इथे ओटा, इथे मोरी,
इथे ईश्वरीचं टेबल मावेल एवढी खोली.
हे फोनवर बोलत भिंतीवरून आत आले.
ईश्वरी ओरडली, "बाबा, दार इकडे आहे!"
तर ते खरंच मागे फिरले,
चपला बाहेर काढून
दारातून आले.

मग एकेक कमी करत गेलो.
गॅलरी पायानेच पुसली.
जिनाही पुसला, वर जायला वर आहे काय?
ईश्वरीच्या खोलीपाशी मात्र
कोणाचाच पाय पुढे होईना.
तेवढ्यात शेजारची शेळी
देवघरातून स्वयंपाकघरात गेली,
तिथून थेट रस्त्यावर.

रात्री मिस्त्रींना फोन लावला.
"यंदा नुसतं जोतं.
खोल्या तीनही धरून."
"आणि भिंती?"
"बघू पुढच्या दिवाळीनंतर.
दार तेवढं हलवू नका,
ह्यांना आता सवय झालीय."