जावक एक, शिल्लक एक

पाणीपट्टीचं जुनं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं,
ती कंपनी मार्चअखेरीस फोन उचलेनाशी झाली.
बारा हजार नळांचा हिशोब तिच्या कुलपात.
नवी किल्ली : चार लाख दहा हजार, जीएसटी वेगळा.

चोपडा नगरपरिषदेत मी भांडारपाल.
खराटे, फिनेल, ब्लिचिंग पावडर, दोन स्टेपलर,
मोजता येतं ते सगळं माझ्याकडे.

रुबिना तडवी, कंत्राटी, अकरा महिन्यांची.
तिनं तीन रात्री बसून एक फुकटचं उतरवलं.
फुकट म्हणजे चोरीचं नाही सर,
दोनदा म्हणाली,
बऱ्याच लोकांनी मिळून लिहिलंय,
आणि आतलं सगळं उघडं ठेवलंय.
सोमवारी तेली वाड्याची बिलं निघाली.
मराठीत. आडनावांचे काने-मात्रे शाबूत.

मग माझ्याकडे फाईल आली.

दर : शून्य.
लेखापाल भामरे चष्मा पुसत म्हणाले,
शून्याची तीन दरपत्रकं आणा.
कोणाकडून, साहेब?
तोच तर प्रश्न आहे.
अंदाजपत्रकाच्या शंभर टक्के खाली दर,
एवढं खाली उतरणाऱ्याकडून
जादा अनामत घ्यावी लागते.
पुरवठादाराचं नाव, पत्ता, पॅन?
रुबिनानं यादी छापून दिली :
दोनशे सोळा माणसं, निम्मी टोपणनावानं,
एक तर नुसताच ‘कासव’.

पुंजूभाऊ शिपाई, चहा ठेवता ठेवता :
“फुकट शे ना भो, मंग कागद कसाले?”
पुंजूभाऊ, फुकटालाच कागद जास्त लागतो.
विकतच्याला बिल असतं.

विधी सल्लागार खैरनार वकिलांनी
परवाना वाचला, पेन्सिलीनं खुणा केल्या.
जसे आहे तसे. कोणतीही हमी नाही.
म्हणाले, बुडालं तर नोटीस कोणाला धाडू?
मागच्या वेळी हमी होती, शिक्का होता,
फक्त कंपनी नव्हती,
असं मी मनात म्हटलं.
मनातलं टिपणीत येत नाही.

पुढच्या कलमावर ते थांबले :
बदल करून दुसऱ्याला द्याल,
तर बदलही उघडा द्या.
बदल तर रुबिनानं केलेच होते,
तीन दिवसांआड पाण्याचा निराळा दर,
तुटलेल्या जोडणीची वजावट.
आणि नेमका तेव्हाच धरणगावचा कारकून
पेन ड्राइव्ह घेऊन दारात.

परिषदेची मालमत्ता बाहेर द्यायची तर ठराव लागतो.
झाला. विषय क्रमांक चौदा,
शववाहिनीच्या टायरांनंतर,
कोणीही न वाचता, एकमताने.

मी नोंदवहीत लिहिलं :
आवक एक. जावक एक.
आणि शिल्लकेच्या रकान्यावर पेन अडलं,
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.
शून्य लिहावं, तर शेजारच्या टेबलावर
बिलं छापली जाताहेत.
मी लिहिलं : एक.

लेखापरीक्षकांचा आक्षेप, क्रमांक नऊ :
वस्तू दिली असता शिल्लक कमी झालेली नाही.
खुलासा करावा.

तीन दिवस दाखला शोधतोय.
विरजण लिहिलं, खोडलं.
चमचाभर का होईना, कमी होतंच.
केळीचा मुनवा लिहिला,
पण तो काढला की आईच्या बुडाशी खड्डा राहतो.
दिव्यानं दिवा? तेल कोणाच्या खाती टाकू?

आज पहाटे हमीदाबाईनं भिंतीपलीकडून विचारलं,
“पानी कव्हय ई वो?”
बायकोनं सांगितलं, साडेपाचला.
सांगून झाल्यावरही
आमच्याकडे साडेपाच उरलेच होते,
पूर्ण, एक मिनिटही न घटता.

हेच लिहून पाठवावं म्हणतो.
पण सोबत पुरावा लागतो,
साक्षांकित, दोन प्रतींत.

आणि रुबिनाची मुदत तीस तारखेला संपते.
धरणगाववाल्यांनी तिलाही विचारलंय.
तिथं मात्र, आक्षेपकर्त्यांनी कृपया नोंद घ्यावी,
जावक एक झाली
की इथं शिल्लक काही राहत नाही.