नववा रांजण

रांजण माझ्या बापाने घडवले, चौदा.
खरं तर राळ्याच्या दारूसाठी होते ते,
पोट मोठं, तोंड आखूड.
एकाच्या काठावर माझा अंगठा उमटला ओल्यात,
त्याचा मार मी त्याच वसंतात खाल्ला.

मग वेढा पडला.
आणि ती माणसं आली, गवती वहाणा झिजवत,
नऊ दिवस चालून, कुणी न बोलावता.
मोबदला नको म्हणाली. आमच्याच मडक्यातली पेज प्यायली.
त्यांचा म्होरक्या तांग म्हणायचा,
दुसऱ्याचं गाव आपलंच धरा,
मग चढाई करायची कुणावर?
आणि बोलता बोलता काठीने मातीत आखायचा
तटाची उंची, खंदकाची रुंदी,
माणशी किती धोंडे, किती पाणी,
कुत्री कुठे बांधायची, पोरं कुठे.
इतकी माया आणि इतका हिशोब
एका माणसात मी पुन्हा पाहिला नाही.

रांजण त्यानेच मागितले.
पश्चिमेच्या तटाला लागून, दर पाच पावलांवर विहीर,
विहिरीत रांजण, रांजणाच्या तोंडावर
पातळ कातडं, ताणून.
मग विचारलं, गावात तिखट कान कुणाचा?

सगळ्यांनी आंधळ्या दुआनचं नाव घेतलं.
तो वाड्यावरच्या काशाच्या घंटा जुळवायचा,
मालक पळाल्यापासून रिकामाच होता.
मी दहा वर्षांची. मला त्याची काठी केलं.

या विहिरीतून त्या विहिरीत
माझ्या खांद्यावर हात टेकून तो उतरायचा,
कातड्याला कान लावायचा
आणि मला सांगायचा, कुणी चिठ्ठी वाचून दाखवावी तसं:
सातव्यात काही नाही, मुंग्या.
आठव्यात कुदळी. दोन. एकजण डावखुरा.
नवव्यात...
नवव्यात कुणीतरी गुणगुणतंय.

मीही कान लावला.
तुतीची पानं खुडतानाचं गाणं, नदीपलीकडचं.
आईचं माहेर तिकडचं. पुढची ओळ मला येत होती.
ती मी म्हटली,
हळूच, कातड्याशी ओठ नेऊन.

कुदळ थांबली.

दुआनने माझं तोंड दाबून धरलं.
किती वेळ, आठवत नाही.
त्याच्या तळव्याला काशाचा वास होता.

वर तांग उभा होता. काय ऐकलंस?
मुंग्या, दुआन म्हणाला.

ती एक रात्र त्याने त्यांना दिली.
ते परत फिरले नाहीत.
दुसऱ्या रात्री माती इतकी जवळ आली होती
की रांजणातलं पाणी, नव्हे, पाणी नव्हतंच त्यात,
रांजणच थरथरत होता, तापातल्या मुलासारखा.
नववा, दुआन म्हणाला. आणि खाली बसला.

पुढचं सगळं तांगने आधीच आखून ठेवलेलं.
आडवं भोक. भट्टी. बैलाच्या कातड्याचे भाते.
आणि मोहरी, वाळलेली, गावातल्या प्रत्येक घरातून पसापसा.
आमच्या घरची मीच नेली.

भाते चालू असेतो दुआन कातड्यावरून उठला नाही.
खोकला, म्हणाला. पुष्कळ.
मग, खोकला. एक.
मग काही म्हणाला नाही.
तांग डोळे पुसत होता.
धूर आमच्याही डोळ्यांत गेला होता,
म्हणून मला नक्की सांगता येत नाही.

गाव वाचलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे,
नाहीतर मी कुठून बोलले असते?
ती माणसं दुसऱ्या कुठल्याशा वेढ्याकडे निघून गेली,
पाऊस होता, वेशीवाल्याने त्यांना आडोसाही दिला नाही.
बापाने रांजण उपसून काढले. तेरा विकले गेले.
अंगठ्याचा ठसा असलेला कुणी घेईना.
तो माझ्याबरोबर सासरी आला.

आता त्यात पाला मुरवते मी, मिठात.
हात घालायच्या आधी
तोंडाशी कान नेते. सवय.
सून विचारते, काय ऐकता?

मी म्हणते, मुंग्या.