खडूचा बाण

पत्ता मला मिळाला तो गल्ल्यावरच्या शरणप्पाकडून.
देशी दुकानातला शरणप्पा, ज्याच्या वहीत
माझं नाव दोन पानांवर पसरलेलं.
मी विचारलं, दुडम दिसत नाही हल्ली, मेला काय?
सुटे मोजत म्हणाला, मेला नाही की ओ,
मिटिंगला जातोय. साखर पेठेतली शाळा.
मंगळवार, शुक्रवार, रात्री आठ.
आणि क्वार्टर पुढं सरकवली.
ती प्यायलो. पत्ता मात्र राहिला
दाढेत अडकलेल्या शेंगदाण्यासारखा.

पहिल्या मंगळवारी शाळेला सायकलवर तीन फेऱ्या.
फाटकावर खडूनं काढलेला एक बाण, बास.
खाली काही लिहिलेलं नाही.
लिहिलं असतं तर गेलोच नसतो.
समोरचा इस्त्रीवाला बघत होता,
मी घरी आलो.

शुक्रवारी चेन पडली, नेमकी बाणाखाली.
काळे हात घेऊन आत गेलो, धुवायला पाणी मागायला.
चेन मीच पाडली होती.

वर्ग चौथीचा. बाकं एवढी बुटकी
की अकरा बाप्ये गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेले.
फळ्यावर सातचा पाढा, कुणी पुसला नव्हता.
चहा आला स्टीलच्या पेल्यात.
धरायला दोन्ही हात लागले, तरी बशीभर सांडला पायावर.
कुणी बघितलं नाही.
मी तेवढंच बघत होतो, कोण बघतंय.

एक तेलुगूत बोलला, एक कानडीत.
शेख चाचांनी सांगितलं,
लेकीच्या निकाहाच्या मांडवाचे पैसे
मांडव उभा राहायच्या आधी कसे संपले.
कानडी मला येत नाही.
तो बोलता बोलता थांबला कुठं, तेवढं कळलं.

माझी पाळी आली. मी मागाचं सुरू केलं,
तार तुटते, गाठ मारावी लागते, असलं.
दुडम म्हणाला, माग राहू दे बे,
इथं सगळेच मागाचं बोलतात. नाव सांग.
यादगिरी, म्हणालो.
यादगिरी, आणि मी...
पुढचा शब्द येईना. बसलो खाली.
चालतंय, म्हणाले. राहिलेलं मंगळवारी.

घरी नरसव्वा विड्या वळत होती.
सांगितलं तिला. तिनं सुपातून मान वर केली नाही.
तिच्या हजार विड्या कारखान्यात मोजून घेतात,
वाकडी निघाली की छाट.
माझे दिवस मीच मोजत होतो, माझ्याच बोटांवर,
एक्केचाळीस झाले.
मग गड्ड्याच्या जत्रेत, पाळण्यामागं,
जुने तिघं भेटले.
बेचाळिसावा छाटमध्ये गेला.

तीन आठवडे त्या रस्त्यानं गेलो नाही.
गेलो तेव्हा फळ्यावर बाराचा पाढा.
कुठं होतास, कुणी विचारलं नाही.
चाचा म्हणाले, कितवा?
पहिला.
मेरा भी, म्हणाले. आज का.
नऊ वर्षं झालेला माणूस!

आता मार्च. पत्रा रात्रीही तापलेला.
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
या खेपेला नेमकं मंगळवारी, आठला.
मी म्हणालो, थांबतो, घागरी उचलतो.
नरसव्वा म्हणाली, जा.
पाणी नऊपर्यंत असतंय.
आवाजात विश्वास बिश्वास काही नव्हता.
पण पदराच्या गाठीतून तिनं
सायकलची किल्ली सोडून दिली.

फाटकावरचा बाण पुसट झालेला,
पोरांनी त्याला मिश्या काढलेल्या.
आज खडू माझ्या खिशात होता.
गिरवत होतो,
तेवढ्यात मागून एक सायकल गेली.
थोड्या वेळानं तीच, उलटी.
चेन कुरकुरत होती.
मी वळून बघितलं नाही.
बाण जरा जाड केला.