नऊ चौकोन

काळाचौकीला, दुसऱ्या मजल्यावर,
यशोधरामावशींचा सिलिंडर परवा संपला.
बुकिंगच्या पानावर बटण असं फिकट
की आहे की नाही, बोट ठेवून बघावं लागतं.

ओटीपी आला तेव्हा त्या चष्मा शोधत होत्या.
चष्मा सापडला, तोवर मुदत संपली.
पुन्हा मागवला. या वेळी मी मोठ्यानं वाचला,
शेजारच्या तांडेलांनाही पाठ झाला असेल.

मग नऊ चौकोन.
‘अग्निशामक नळ असलेली चित्रं निवडा.’
कुठल्या देशातला फुटपाथ, कोरडा, रिकामा,
आणि कडेला लाल, बुटकं काहीतरी.
मी म्हटलं, असले नळ आपल्याकडे नसतात.

मावशी पुढे वाकल्या.
“अगं, हा तर म्हसोबा. शेंदूर दिसत नाही का?”
आणि पदराला बोट पुसून
एक, दोन, तीन म्हसोबा टिपले त्यांनी.
चौथा झाडाआड अर्धाच होता. तोही.

हिरवी खूण आली.
यंत्राला पटलं, हे माणूसच आहे.

सिलिंडर गुरुवारी येईल म्हणे.
मावशी अजून विचारतायत,
तिकडे त्यांना नैवेद्य कोण दाखवतं?