लाकडी घंटा

औंदा रूथ मावशींनी सांगितल्या चाळीस,
नाताळच्या झाडाला.
"सुपारीएवढ्या नको, लिंबाएवढ्या."
शेखलालचाचांनी लाकूडही लिंबाचंच घेतलं,
कडू.

कादराबादच्या त्या बोळात
जन्म गेला लाटणी अन् पलंगाचे खूर काढण्यात.
आता पटाशी टेकली की पिवळी साल
कांद्याच्या पातीसारखी उलगडते,
मिशीत अडकते.
लाखेची कांडी नुसती धरायची,
फिरतं लाकूड लाल पिऊन घेतं.

सदतिसावीला लाईट गेली.
चाचांनी माळ्यावरची दोरी काढली.
"वढ," म्हणाले मला.
मी वढत राहिलो, खराद कण्हत राहिला.

"वाजत तर नाहीत, मग घंटा कशाच्या?"
"वाजायचं व्हतं ते
हितंच वाजून झालं."

एक तिरकी निघाली.
ती माझ्या सायकलच्या किल्लीला आहे.