ळ

गुरुवार. पाणी बंद, दुपारपर्यंत वीजही,
त्यामुळे तीननंतर अख्खी रांग एकदम आली,
पार दांडेकर पुलाच्या चढापर्यंत.

पहिली यमुनाबाई पोळ.
पिशवीत पिशवी, तिच्यात प्लॅस्टिक, प्लॅस्टिकात कागद.
निराधारचे पैसे चार महिने आले नाहीत.
मी नंबर टाकतो. वर येते
यमुना पोल.
बँकेत पोळ, इथे पोल.
कुणीतरी कधीतरी इंग्रजीत पी ओ एल टाकलं,
मशीनने आपल्या अकलेने त्याचं मराठी केलं.

"पोल म्हंजे? लाइटीचा?"
मागे एकजण हसला. ती हसली नाही.
"आमच्या मालकांनी रविवार पेठेत तीस वर्षं हातगाडी ओढली.
गोणीवर कोळशानं पोळ लिहायचे.
तेवढंच यायचं. ळ काढताना
जीभ बाहेर यायची त्यांची."

मी रोज सांगतो तेच सांगतो:
दुरुस्तीचा अर्ज, दोन पुरावे, आणि प्रतिज्ञापत्र
की पोळ आणि पोल ही एकच बाई आहे.
"आणि नसली तर?" ती म्हणते.

तरी एकदा सबमिट करून बघतो.
लाल अक्षरांत उमटतं:
नाव जुळत नाही.

जुळत मधला ळ
अगदी ठसठशीत, दोन्ही वेटोळी जागच्या जागी.
म्हणजे येतो याला.
ओळखपत्रात येतो, वेळ संपली म्हणताना येतो,
या केंद्राच्या उद्घाटनाला
सोहळ्यातही आला होता, फलकावर,
मोठ्ठा, झेंडूच्या माळेखाली.

बाईला वाचता येत नाही.
पण ते एक अक्षर येतं.
काचेवर बोट टेकवून म्हणते,
"हा काय. आहे की इथं.
हाच उचलून तिकडं ठेव ना."

मी माऊसवर हात ठेवून बसून राहिलो.
मागून कुणीतरी म्हणालं, चला, आवरा.

उद्या या म्हणालो.
उद्या शुक्रवार. सगळं
उशिरा आणि कमी दाबाने येतं.

कागद प्लॅस्टिकात, प्लॅस्टिक पिशवीत, पिशवी पिशवीत.
निघताना वळली.
"तुझं आडनाव काय रं?"
धुमाळ.
"बघून घे एकदा."

शटर ओढायच्या आधी
सहा वर्षांत पहिल्यांदा टाकला
मी माझा नंबर.
ते गोल फिरत राहिलं,
बराच वेळ.