झाकणभर

डॉक्टर लवंद्यांनी कागदावर माझं पोट काढलं:
आधी भोपळा, मग भोपळ्यात एक उभी रेघ,
म्हणाले, उरेल ते केळ्याएवढं.
आणि बाकीचं?
बाकीचं आम्ही ठेवून घेतो, म्हणाले.
हसायची जागा होती. दोघंही हसलो.

एकशे एकोणतीस किलोंची मी,
केरी-सत्तरीची सुलक्षा गांवस,
बापामागे काजूची भट्टी चालवणारी.
उराक पास की नापास, माझी जीभ ठरवायची.
ग्राव मोजायचं काचेचं यंत्र आहे कोनाड्यात,
ते अबकारीवाल्यांना दाखवायला.

अकरा महिने शिस्त.
चमच्याने पेज, अंड्याचा पांढरा,
पाणी घोट घोट, आणि तेही जेवणात नाही.
ब्याऐंशीवर आले तेव्हा
वाळपईच्या बाजारात कायतानने मला
माझ्याच तब्येतीची खबर विचारली,
थोरली कशी आहे तुझी, बरी?
बरी आहे, म्हटलं.

मार्चात बोंडू पडायला लागले.
डोंगरभर तो गोड-आंबूस वास,
नीरो फसफसला, भाणाखाली लाकडं लागली.
पहिला पेला राखणदाराला,
दुसरा मालकिणीला, ही बापाची रीत.
गोकुळदासने पेला पुढे केला.
मी म्हटलं, झाकणात दे.
पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण.

पूर्वी तीन पेले व्हायचे,
लिंबू, मीठ, उभी चिरलेली मिरची,
आणि वर गोकुळदासचा हिशेब तपासायचे, चूक काढायचे.
आता त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत
काजूची झाडं एकमेकांत सरकली.
मी दगडावर बसले,
दगड काही बसला नाही.
पोरं हसली. मग हसायची थांबली.

भाणातली वाफ लावणीत उतरते तेव्हा
वरून गार पाणी ओततो आपण,
सावकाश गो, दमानं ये, म्हणत.
माझ्यातलं ते दमानं येणंच कापून नेलंय.
आता पोट नाही, नुसती वाट आहे.
दारू येते ती थेट देव्हाऱ्यापर्यंत,
चपला घालून.

पुढचं सांगायचं नव्हतं.

भूक गेली होती ना,
ती गेली कुठे, हे मी विचारलंच नव्हतं.
एप्रिलात सापडली:
रात्री साडेदहाला, न्हाणीत, साबणांच्या मागे,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत.
एक झाकण. मग चव नीट कळली नाही म्हणून दुसरं.
वजनकाट्याला दारू दिसत नाही.
तो रोज सकाळी माझं कौतुक करायचा.

रुजुताला सापडली बाटली.
रडली नाही, ओरडली नाही.
कोनाड्यातलं यंत्र काढलं, उंच पेल्यात तरंगवलं,
डोळा आकड्याच्या रेषेत आणून बघितलं.
एकोणीस ग्राव, आई.
खोकल्याला जरा जास्त.

लवंद्यांना फोन केला, तिच्यासमोर.
मला वाटलं रागावतील.
होतं असं, म्हणाले, तुमचं एकटीचं नाही.
लपवू नका. या.
त्या "या"वर मात्र मी रडले,
भट्टीवरच्या धुराचं निमित्त नव्हतं, घरात होते.

आता उराक रुजुता चाखते,
तोंड वाकडं करून थुंकते.
मी तळव्यावर चोळते, हुंगते,
बाटली हलवून बुडबुडे किती टिकतात बघते.
चुकते कधी. मागच्या आठवड्यात
एक पीप पातळ गेलं. कायतान खूप बोलला,
पैसे दिले.

राखणदाराचा पेला अजून मीच नेते.
सकाळी तो रिकामा असतो,
ऊन, मुंग्या, गोकुळदास, कोण जाणे.
ठेवायचा आणि पाठ फिरवायची, एवढंच काम.
पाठ फिरवेपर्यंत आकडे मोजते.
काल नऊ झाले.
आज चौदा.